कोणते दुखणे किती थांबेल? साथीच्या काळातले मुलांचे कान, नाक आणि घसा

१. आईबापांचा प्रश्न

मुलाचा कान रात्रभर ठणकतो आहे. दवाखान्यात न्यावे तर तेथून साथ घरात येईल, आणि न न्यावे तर कानाला काहीतरी कायमचे होऊन बसेल. अशा वेळी करावे काय? हा प्रश्न २०२० च्या उन्हाळ्यात घरोघरी विचारला गेला, आणि तो विचारणारे सगळेच काही भित्रे नव्हते. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले. त्याच आठवड्यात महाराष्ट्र सरकारने, मुंबईतील प्लेगच्या धामधुमीत घाईघाईने केलेला १८९७ चा साथरोगविषयक कायदा दप्तरातून बाहेर काढून अंमलात आणला. आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. गल्लीतले दवाखाने काही बंद, काही अर्धवट उघडे, मोठ्या इस्पितळांतील बाह्यरुग्ण विभाग ओस पडलेले आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया बेमुदत तहकूब, असा एकूण कारभार होता.

कानदुखीला टाळेबंदीचा हुकूम लागू होत नाही, असे कोणी म्हणेल. पण मौज अशी की तो थोडाबहुत लागू झाला. शाळा आणि पाळणाघरे बंद पडल्याबरोबर मुलांची एकमेकांना लागणारी सर्दी ओसरली, आणि सर्दीमागून येणारे कानाचे विकारही ओसरले. इटलीतील मिलान शहरातल्या डॉक्टरांनी टाळेबंदीनंतर तपासलेल्या मुलांमध्ये कानात पाणी साचण्याचे प्रमाण पूर्वीच्या मानाने फारच खाली आलेले पाहिले. तरी जी दुखणी उरायची ती उरलीच. आणि दिवसभर घरात कोंडलेल्या पोराच्या हाती लागणाऱ्या बारीकसारीक जिनसा नाकाकानात जायच्या त्याही गेल्याच.

वरील प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, धैर्यात नाही आणि धास्तीतही नाही. ते मुदतीत आहे. प्रत्येक दुखण्याला स्वतःची एक मुदत असते. काही दुखणी दोन तास थांबत नाहीत, काही दोन दिवस खुशाल थांबतात, काही तीन महिने थांबविली तर आपली आपण बरी होतात. साथीच्या काळात सुरक्षित उपचार करणे म्हणजे मुख्यतः या मुदती ओळखणे होय.

२. वैद्यालाच भीती का वाटली?

डोळ्यांचा किंवा हाडांचा डॉक्टर आणि कान-नाक-घशाचा डॉक्टर यांच्यात साथीच्या दृष्टीने एक मोठा भेद आहे: तिसऱ्याचे सगळे काम नेमक्या त्या वाटेवर चालते, जिच्यातून हा विषाणू शरीरात शिरतो आणि बाहेर पडतो. आजाराच्या पहिल्या दिवसांत घशापेक्षाही नाकात विषाणूची संख्या अधिक असते, हे २०२० च्या आरंभीच चीनमधील रुग्णांवरून ध्यानात आले होते. इंग्लंडमध्ये क्लेअर हॉपकिन्स आणि निर्मल कुमार या तज्ज्ञांनी त्याच मार्च महिन्यात, अचानक वास येईनासा होणे हे या रोगाचे लक्षण असावे, असा इशारा जाहीरपणे दिला. आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला आमजद एल-हवरानी हे तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ कोविडने दगावले. साथीशी झुंजताना प्राण गमावलेल्या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील पहिल्या डॉक्टरांत त्यांची गणना होते.

त्यातून रुग्ण मूल असले म्हणजे परिस्थिती आणखी अवघड. मोठा माणूस सांगितल्यावर तोंड उघडतो आणि सांगितल्यावर मिटतो. तीन वर्षांचे पोर आईच्या मांडीवर, डोके घट्ट धरलेले, डॉक्टरच्या कपाळावरच्या दिव्याकडे पाहून जिवाच्या आकांताने रडते, खोकते, चमच्याचा दांडा जिभेला लागताच उबळ येऊन उमाळे देते, आणि हे सारे डॉक्टरच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. मुलांना स्वतःला हा आजार बहुधा सौम्य होतो हे खरे. पण त्यांच्याबरोबर आजोबा आजी घरी असतात, आणि दवाखान्याच्या बाकावर शेजारी दुसरे मूल बसलेले असते. सबब ‘सुरक्षित’ हा शब्द येथे एकट्या रुग्णापुरता नसून तपासणारा, आणणारा आणि पाठीमागून येणारा या तिघांनाही व्यापतो.

३. मुलांचाच कान का दुखतो?

पुढील विवेचनासाठी शरीररचनेतील एक गोष्ट समजावून घेतली पाहिजे. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी आहे, आणि त्या पोकळीपासून नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या भागात उघडणारी एक नळी आहे. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि उतरती असते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, आणि तिच्या तोंडाशीच ॲडेनॉइड नावाची मऊ ग्रंथी फुगून बसलेली असते. साहजिकच नाकातील सर्दी मुलाच्या कानात सहज पोहोचते, आणि पोकळीतली हवा अडून तेथे स्राव साचतो. स्राव साचून त्यात जंतू वाढले की कान ठणकतो. नुसताच साचून राहिला तर दुखत नाही, पण ऐकू कमी येते. एकाच नळीची ही दोन निरनिराळी दुखणी असून त्यांच्या मुदतीही निरनिराळ्या आहेत.

४. दोन-तीन दिवस थांबणारे दुखणे

सर्दीमागून आलेली साधी कानदुखी बहुतेक मुलांत काही दिवसांतच, प्रतिजैविकांवाचून, शमते. म्हणून दोन वर्षांवरील मुलाला ताप थोडका असेल, कान वाहत नसेल आणि मूल मधूनमधून खेळत असेल, तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास वाट पाहण्याची मुभा बालरोगतज्ज्ञांनी साथीच्या आधीच देऊन ठेविलेली होती. साथीने नवे काही शिकविले असेल तर इतकेच, की पुस्तकात असलेली ही मुभा प्रत्यक्ष व्यवहारात वापरता येते. सहा महिन्यांच्या आतील बाळ, दोन वर्षांच्या आत दोन्ही कानांचे दुखणे, ३९ अंश सेल्सियसवर ताप, किंवा कानातून पू, यांपैकी काहीही असल्यास मात्र ही मुभा नाही.

वेदनाशामक म्हणजे येथे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. पॅरासिटामॉलच्या मात्रेत घरोघरी होणारी चूक हिशेबाने दाखविण्याजोगी आहे. मात्रा वजनावर ठरते, वयावर नव्हे: एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत. बारा किलोच्या मुलाला एका वेळी १२ गुणिले १५, म्हणजे १८० मिलिग्रॅम लागले. आता बाटली पाहा. ‘५ मिलिलिटरमध्ये १२५’ असे लिहिलेल्या औषधातून ते ७.२ मिलिलिटर होते. ‘५ मिलिलिटरमध्ये २५०’ असेल तर ३.६, आणि तान्ह्या बाळांसाठी मिळणाऱ्या, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांच्या बाटलीतून अवघे १.८. तीन बाटल्या, तिन्हींवर नाव एकच, आणि मापे मात्र एकमेकांच्या दुप्पट-चौपट! दुकानदाराने एक बाटली संपली म्हणून दुसरी दिली आणि घरी जुनाच अंदाज चालू राहिला, की पोराच्या पोटात भलतीच मात्रा जाते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला तर डॉक्टरला विचारल्यावाचून हे औषध देऊच नये.

घरगुती उपायांत दोहोंविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालताना कानात आणि नाकात तेल सोडण्याचा, आणि कान ठणकला की लसूण घालून कोमट केलेले तेल ओतण्याचा शिरस्ता आपल्याकडे जुना आहे. पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट आतल्या पोकळीत जाते, आणि छिद्र आहे की नाही हे घरी कोणालाच दिसत नाही. दुसरा उपाय वाफाऱ्याचा. साथीत तो इतका फोफावला की इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळात वाफेच्या पाण्याने भाजून येणाऱ्या मुलांचे प्रमाण तीसपट झाल्याची नोंद २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वाफेने विषाणू मरत नाही. पातेले कलंडले म्हणजे मांड्या मात्र भाजतात. चोंदलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याचे तयार थेंब पुरेसे आहेत.

थांबण्याच्या या दिवसांत दूरध्वनीवरून सल्ला घेण्याची सोय फार कामाची ठरली. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची नियमावली प्रसृत केली, आणि एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेची घरबसल्या सल्ल्याची शाखा चालू झाली. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाबरोबर ओळख पटलेले वडील माणूस हजर असले पाहिजे, अशी नियमावलीत अट आहे. पडद्यावरून डॉक्टरला घसा बऱ्यापैकी दिसतो, कानाचा पडदा मुळीच दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. खिडकीकडे तोंड करून मुलाला मांडीवर घ्यावे, दुसऱ्याने विजेरी धरावी, आणि ‘आऽ’ म्हणताना एक छायाचित्र टिपावे; हलत्या चित्रापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. मूल झोपलेले असताना पोटाकडे पाहून पुरे एक मिनिट श्वास मोजून ठेवावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलात ते मिनिटाला ४० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा अधिक, आणि त्याहून लहानग्यात ६० किंवा अधिक असतील, तर दूरध्वनी ठेवून द्यावा आणि वाहन पाहावे.

५. तासांत मोजावयाचे दुखणे

या वर्गातील पहिला मान बटणासारख्या चपट्या सेलाचा. खेळण्यांत, वजनकाट्यांत, दूरनियंत्रकांत असणारा हा चकचकीत तुकडा नाकात किंवा अन्ननलिकेत अडकला, की ओल्या त्वचेशी विद्युत्प्रवाह सुरू होऊन तेथे तीव्र अल्क तयार होते, आणि त्या अल्काने मांस जळू लागते. अन्ननलिकेत गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात. नाकात काही तासांत मधल्या पडद्याला भोक पडू शकते. सेल वापरून संपलेला असला तरी त्याचा भरवसा धरू नये. नाकात सेल असल्याचा संशय असताना थेंब घालणे म्हणजे जळणाला ओलावा पुरविणे. ते कटाक्षाने टाळावे. सेल गिळल्याला बारा तास झाले नसतील आणि मूल एक वर्षावरील असून त्याला गिळता येत असेल, तर इस्पितळाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, असे सहा वेळांपर्यंत द्यावे, असे विषबाधातज्ज्ञ सांगतात. पण मध आणायला थांबू नये, आणि मध दिला म्हणून पोहोचायला उशीर करू नये.

दुसरा मान शेंगदाण्याचा. खाता खाता पोराला जोराचा ठसका लागला, चेहरा लाल झाला, आणि मग सगळे शांत झाले, की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण तो दाणा, किंवा सीताफळाची बी, किंवा चिंचोका, श्वासनलिकेच्या एका फाट्यात जाऊन बसलेला असू शकतो. त्यानंतर एकाच बाजूला घरघर, दमवणारा खोकला, मग न्यूमोनिया. बेशुद्ध करून श्वासनलिकेत दुर्बीण घालून तो काढावा लागतो, आणि डॉक्टरांच्या सर्व कामांत विषाणू हवेत उडविणारे याहून धोक्याचे काम क्वचितच असेल. तरीही येथे कोविडच्या चाचणीच्या निकालाची वाट पाहण्याइतकी सवड नसते. अशा वेळी रुग्ण बाधितच आहे असे गृहीत धरायचे, शस्त्रक्रियागृहात मोजकी माणसे ठेवायची, सर्वांनी पूर्ण पोशाख आणि एन-९५ मुखपट्टी चढवायची, आणि काम उरकायचे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरला.

नाकात वाटाणा किंवा मणी गेला असेल, तर मात्र एक जुनी युक्ती साथीत नव्याने मोलाची ठरली. आईने मुलाच्या उघड्या तोंडावर आपले तोंड घट्ट टेकवायचे, मोकळी नाकपुडी बोटाने दाबून धरायची, हळू फुंकत अडसर जाणवला की एक छोटी जोरकस फुंकर मारायची. हवा पलीकडून वर जाऊन अडकलेल्या नाकपुडीतून वस्तू बाहेर ढकलते. १९६५ मध्ये प्रथम वर्णिलेला हा उपाय सुमारे ६० टक्के मुलांत साधतो. त्यात चिमटा नाही, धरपकड नाही, आणि एकाच घरातील दोघांचा श्वास एकमेकांना नवा नसतो. डॉक्टरने शिकवून चार पावले मागे उभे राहावे, म्हणजे झाले. आधी सेल नाही ना, याची खातरजमा केलेली असावी.

याशिवाय त्याच दिवशी, घटका न दवडता, इस्पितळ गाठावे अशी आणखी काही चिन्हे आहेत: श्वास आत घेताना घशातून येणारा कर्कश आवाज, लाळ गिळता न येऊन ती ओठांवरून गळू लागणे, तोंड पुरते न उघडणे आणि बोलणे तोंडात घास असल्यासारखे होणे, कानामागील हाडावर लाल सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलली जाणे, आणि सर्दीनंतर एका डोळ्याची पापणी सुजून डोळा मिटणे. शेवटची दोन चिन्हे बाहेरून साधी दिसतात, पण कानामागच्या हाडापासून मेंदू आणि नाकाच्या पोकळ्यांपासून डोळा यांच्यामध्ये कागदासारखी पातळ हाडे असतात. साथीच्या धास्तीने घरी बसून राहिलेल्या मुलांचे खरे नुकसान झाले ते याच वर्गात.

६. हवेचा हिशेब

एक मूल रडून गेल्यावर पुढच्या मुलाला आत केव्हा बोलवावे? स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की खाट माजघरापर्यंत जातो, आणि फोडणी संपली तरी खिडकी उघडीपर्यंत माणसे खोकत राहतात. रडणाऱ्या मुलाच्या श्वासातले सूक्ष्म कण तसेच, मूल निघून गेले तरी खोलीत तरंगत राहतात.

ते जातात किती वेळात, याला गणित आहे. खोलीतील हवेइतकी नवी हवा आत आली म्हणजे हवा ‘एकदा बदलली’ असे म्हणतात. नवी हवा जुन्यात मिसळत असल्यामुळे एका बदलाने सगळे कण जात नाहीत. शंभरांतले सुमारे ३७ उरतात. दुसऱ्या बदलानंतर १४, तिसऱ्यानंतर ५, चौथ्यानंतर २, आणि साडेचारच्या थोडे पुढे गेल्यावर १. आता तासाला सहा वेळा हवा बदलणारी खोली घ्या: एक बदल दहा मिनिटांचा, म्हणून ४६ मिनिटे. तासाला बारा वेळा बदलणारी असेल तर २३ मिनिटे. आणि खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावलेली, तासाला जेमतेम दोनदा बदलणारी चिंचोळी खोली असेल, तर दोन तास अठरा मिनिटे! शहरातील अनेक तपासणीच्या खोल्या याच तिसऱ्या जातीच्या होत्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि बाहेर हवा फेकणारा एक पंखा, एवढ्या स्वस्त बंदोबस्ताने जे साधले असते, त्याऐवजी टेबलावर काचेचे फलक उभारण्यात पैसा गेला. मुखपट्टीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे: पाच वर्षांच्या आतील मुलांना ती सरसकट बांधू नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले; मुलाला आणणाऱ्या पालकाने मात्र ती नाकावर घ्यावी, हनुवटीवर नव्हे.

७. आठवडे, महिने आणि वर्षे

तहकूब झालेल्या शस्त्रक्रियांत टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढण्याच्या सर्वांत अधिक. त्यांपैकी बऱ्याच मुलांचे थांबण्याने काही बिघडले नाही. झोपेत श्वास अडणाऱ्या पाच ते नऊ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांचा झोपेतील श्वास सात महिन्यांत सुधारून नेहमीसारखा झाला. आणि नुसते थांबलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांचा झाला. पण ज्या मुलाचा श्वास झोपेत वारंवार थांबतो, ओठ निळे पडतात, वजन वाढत नाही, त्याला या ४६ टक्क्यांचा आधार देऊन घरी पाठविणे हा निष्काळजीपणा होय. कानात नुसते पाणी साचलेल्या मुलाला तीन महिन्यांची मुदत देणे हा तर साथीपूर्वीचाच नियम आहे. कानामागचे हाड कोरण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रकरण वेगळे: अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कोविडने मृत झालेल्या तिघांपैकी दोघांच्या त्या भागात विषाणू सापडला, आणि कोरणी यंत्राने हाडाचा धुरळा हवेत उडतो, म्हणून ती लांबविता येईल तितकी लांबवावी, आणि पू आत शिरू लागला असेल तर मुळीच लांबवू नये, असा दुहेरी निर्णय करावा लागला.

लसीची मुदत मात्र ढकलली गेली की तिचे दुष्परिणाम मागाहून कळतात. २०२० मध्ये जगातील २.३ कोटी बालके नेहमीच्या लसीकरणातून मूलभूत लसींना मुकली. घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला यांची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, आणि पुढे दीड-दोन आणि पाच-सहा वर्षांना द्यावयाची असते. घटसर्पात घशावर राखाडी, चिवट साय धरते, मान सुजते आणि श्वास कोंडतो. तरुण डॉक्टरांपैकी पुष्कळांनी तो केवळ पुस्तकात पाहिला आहे, आणि तो तेथेच राहावा यासाठी बुडालेली लस साथ ओसरताच, आहे त्या मात्रेपासून पुढे, पुरी करून घ्यावी. आरंभापासून पुन्हा सुरुवात करण्याची गरज नसते.

शेवटची मुदत जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या बाळाची. पहिल्या महिन्याच्या आत श्रवणचाचणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत श्रवणयंत्र किंवा अन्य उपाय, असा जगन्मान्य क्रम आहे, कारण मेंदूतील भाषेचा भाग त्या काळात आवाजाची वाट पाहत असतो. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी अशा मुलांची तपासणी आणि वाचाशिक्षण होते. टाळेबंदीत तेथवर पोहोचणेच अवघड होते, आणि बाहेर जी माणसे भेटत त्यांची तोंडे मुखपट्टीने झाकलेली, म्हणजे ओठ पाहून शब्द ओळखू लागलेल्या मुलाची ती वाटही बंद. यासाठी पारदर्शक मुखपट्ट्या निघाल्या, पण त्या थोड्यांच्याच हाती लागल्या. तोवर घरच्यांनी करावयाचे ते एवढेच होते: घरात मुखपट्टी काढून, उजेडाकडे तोंड ठेवून, बाळासमोर सावकाश बोलत राहणे, टाळीच्या आवाजाला ते दचकत नसेल, किंवा सहा-सात महिन्यांचे होऊनही हाकेच्या दिशेला मान वळवीत नसेल, तर तारीख लिहून ठेवणे, आणि रस्ता मोकळा झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, इतर सर्व तहकूब कामांच्या आधी, श्रवणचाचणीची वेळ मागून घेणे.